मंगळवारची बावडी

माझ्या घरी बावडी नाही. मागच्या अंगणात एक विहीर आहे. घर बांधलं त्या वर्षी ती खणली, तिला सिमेंटच्या कड्या आहेत, वर लोखंडी जाळी आहे आणि जाळीला बांधलेल्या दोरीवर टिल्लू पंप लटकतो. एवढी माहिती मी गेल्या हिवाळ्यात इतक्या लोकांना सांगितली, की शेवटी शेवटी मी ती झोपेतही सांगत होतो, असं गुणा म्हणते. गुणा माझी बायको. ती खोटं बोलत नाही, ही तिच्याबद्दलची माझी जुनी तक्रार आहे.

मी लटारू पिंपळशेंडे. वरोऱ्याच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो, आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. चौतीस वर्षांत मी एकाही माणसाला चुकीच्या गाडीत बसवलं नाही. एकदा चिमूरची एक वरात वणीच्या गाडीत बसली होती, पण त्यांनी मला विचारलंच नव्हतं. नवरदेवाच्या मामांना विचारलं होतं. तिथं मी काय करणार?

तर झालं असं. नोव्हेंबरात मी स्टँडसमोर चहा पीत उभा होतो. मोटरसायकलवरून दोन पोरं आली, अंगभर धूळ, कोल्हापूरकडची. त्यांनी चहा घेतला आणि त्यातल्या एकानं मला विचारलं, "काका, ताडोबा झालं. वाघ सोडून इकडं बघण्यासारखं काय आहे?"

मी म्हणालो, "काही नाही."

पोरं निघून गेली. माझा चहा मात्र संपेना. काही नाही कसं? चंद्रपूरला कोट आहे, त्याचे दरवाजे आहेत. बल्लारपूरला नदीच्या काठावर किल्ला आहे. चामोर्शीकडे मार्कंड्याची देवळं आहेत. इतकं लांबचं सोडा, आमच्यापासून सहा किलोमीटरवर, माझ्या मामाच्या पांढरटोला गावी, शेताच्या कडेला एक बावडी आहे. तिन्ही बाजूंनी पायऱ्या, मधे कमान, कमानीवर दोन दगडी हत्ती. कोणी बांधली हे पक्कं कोणालाच माहीत नाही. गाव म्हणतं गोंड राजानं, शाळेतले गुरुजी म्हणत भोसल्यांनी. माझा मामा म्हणायचा की ती भुतांनी एका रात्रीत बांधली, आणि या तिघांत पुरावा फक्त मामाकडे होता, कारण त्यानं ती भुतं पाहिली होती. एवढं सगळं असताना एका प्रवाशाला मी चुकीची माहिती दिली होती. नोकरीत असतो तर स्वतःवर अहवाल लिहिला असता.

नागपूरला नोकरी करणाऱ्या आमच्या मयुरीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, एवढं काय त्यात? फोनमधल्या नकाशात टाका ना ती बावडी. कोणालेबी टाकता येते."

दुसऱ्या दिवशी सायकलनं पांढरटोल्याला जाऊन मी बावडीचे अकरा फोटो काढले. झुडपं माजली होती, पण हत्ती दिसत होते. संध्याकाळी घरच्या अंगणात खुर्ची टाकून, शेंगदाणे खात, मी काम सुरू केलं. नाव टाकलं: हत्ती बावडी, ऐतिहासिक स्थळ. फोटो टाकले. मग फोननं विचारलं, तुम्ही आत्ता या ठिकाणी आहात का? आमच्या खात्यात ठिकाण म्हणजे गाव. गाव तर वरोराच. मी 'होय' दाबलं आणि उरलेले शेंगदाणे खाल्ले.

पुढचे तीन आठवडे शांततेत गेले. ते माझ्या आयुष्यातले शेवटचे शांत मंगळवार होते हे मला माहीत नव्हतं.

मंगळवारचं कारण सांगतो. ताडोबाचं जंगल मंगळवारी बंद असतं. त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना करायला काही नसतं. ते नाश्ता करतात, पुन्हा चहा घेतात, आणि मग फोन उघडून जवळपास काय आहे ते बघतात.

डिसेंबरातल्या पहिल्या मंगळवारी सकाळी मी विहिरीपाशी आंघोळ करत होतो. डोक्याला साबण होता. फाटक वाजलं आणि एक गृहस्थ, त्यांची बायको आणि दोन मुली थेट मागच्या अंगणात आल्या. मी टॉवेल शोधला. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं.

"पायऱ्या कुठून सुरू होतात?" त्यांनी विचारलं.

"कशाच्या पायऱ्या?"

"बावडीच्या. फोटोत आहेत."

मी म्हणालो, "ही आमची घरची विहीर आहे." त्यावर ते बायकोकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "अतिक्रमण झालेलं दिसतंय." मुलींनी माझ्यासकट पंपाचा फोटो काढला. अंगावर एक टॉवेल आणि डोळ्यांत साबण अशा स्थितीत माणसाच्या बोलण्याला वजन राहत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. गुणा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "दुरून आले न बाप्पा. बसा, चाय मांडतो." ते बसले. चहा प्यायले. गेले.

रात्री मयुरीचा फोन. तिला हसू आवरत नव्हतं. नकाशावर आमच्या बावडीला पहिला अभिप्राय आला होता. तिनं वाचून दाखवला. "स्थळाची अवस्था शोचनीय. प्राचीन बावडीवर टिल्लू पंप बसवला आहे. काठावर चड्ड्या वाळत घातल्या आहेत. देखभालीसाठी नेमलेला वृद्ध कर्मचारी अर्धनग्न अवस्थेत आढळला. एक तारा."

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्याविरुद्ध एकही लेखी तक्रार नव्हती. आणि 'वृद्ध' कशावरून? साबणावरून?

"बाबा," मयुरी म्हणाली, "तुम्ही बावडी घरावर टाकली. दुरुस्ती पाठवा."

दुरुस्ती पाठवली. उत्तर आलं की तपासणी सुरू आहे. पुढच्या मंगळवारी दोन गाड्या आल्या, त्याच्या पुढच्या मंगळवारी तीन. मी सगळ्यांना सांगायचो की बावडी इथं नाही, सहा किलोमीटरवर आहे, डावीकडे वळा, कापसाच्या जिनिंगपासून उजवीकडे. ते फोनकडे बघायचे आणि म्हणायचे, "पण यात तर इथंच दाखवतंय." माझ्या आवाजावर विश्वास ठेवून या तालुक्यातली माणसं आंधळेपणानं गाडीत चढत होती, आणि आता परगावचे लोक माझ्यापेक्षा हातातल्या काचेवर विश्वास ठेवत होते. ते विहिरीचे फोटो काढून नकाशावर टाकत. महिन्याभरात नकाशाचं उत्तर आलं: आपली दुरुस्ती नामंजूर, कारण सदर स्थळ तिथंच असल्याची खात्री अनेक प्रवाशांनी केली आहे.

गुणाच्या चहाला मात्र पाच तारे मिळत होते. "बावडी नाही पण बाई प्रेमळ," असं पुण्याच्या कोणीतरी लिहिलं होतं. मयुरीनं ते आईला वाचून दाखवल्यावर गुणानं आल्याचं प्रमाण वाढवलं.

शेजाऱ्यांना हे कळायला वेळ लागला नाही. उजवीकडच्या घरात बिरजूभाऊ राहतात, निवृत्त तलाठी. त्यांचं म्हणणं असं की जगात तोंडी काहीच घडत नाही. "लटारूभाऊ, अर्ज देल्ला काय?"

"कोणाले देऊ? नकाशाचं हापिस कुठी हाय?"

"ते मंगची गोष्ट. अर्ज आधी लिहून ठेवाचा. हापिस भेटतेच कधी ना कधी." त्यांनी स्वतः बसून दोन पानी अर्ज लिहिला. त्यात माझ्या विहिरीची चतुःसीमा होती. तो अर्ज अजून माझ्या कपाटात आहे, हापिस भेटायचं आहे.

डावीकडे अयूबभाई. त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, त्यामुळे त्यांना प्रत्येक अडचणीवर एकच उपाय दिसतो. "भाऊ, बोर्ड लावून टाक ना. मी छापतो. काऊन टेन्शन घेऊन राह्यला?"

मी मजकूर दिला: 'येथे कोणतीही ऐतिहासिक बावडी नाही. कृपया आत येऊ नये.' सोमवारी संध्याकाळी अयूबभाईंनी स्वतः येऊन फ्लेक्स फाटकावर बांधला. मजकूर बरोबर होता. पण त्याच्या मागे, सहा फूट बाय चार फूट आकारात, दोन हत्तींसह बावडीचा रंगीत फोटो होता.

"हा फोटो काऊन?"

"जागा खाली दिसत होती," अयूबभाई म्हणाले. "निस्ती अक्षरं म्हंजे मयतीच्या बोर्डासारखं वाटते."

दुसऱ्या दिवशी आलेल्या गाड्यांची संख्या आठ होती. रस्त्यावरून नुसते जाणारे लोकसुद्धा हत्ती बघून थांबत होते. त्यातले तीन तेलंगणातले, ज्यांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी फ्लेक्ससमोर उभं राहून कुटुंबाचे फोटो काढले. मी मधे उभा होतो. त्यांनी मला खुणेनं बाजूला व्हायला सांगितलं.

इथपर्यंत मी सगळं सहन केलं. खरी अडचण जानेवारीत सुरू झाली.

गुणाचे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की आता खाली बसायचं नाही, घरात खुर्चीसारखा संडास बांधा. ती कधी बोलत नाही, पण पहाटे भिंतीला धरून उठताना तिच्या तोंडून जो आवाज निघतो तो मी ऐकत होतो. मागच्या अंगणात एक छोटी खोली वाढवायची होती. त्या बांधकामाच्या परवानगीचा अर्ज मी दिवाळीतच केला होता. कोणत्या कार्यालयात, ते सांगत नाही. माझं तिथं अजून काम पडतं.

तिथले बाबू निकेश नावाचे, तरुण, नीटनेटके, बोलायला अतिशय गोड. त्यांनी फाइल उघडली, पत्ता वाचला, फोनमध्ये नकाशा उघडला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"काका, तुमच्या घरी तं ऐतिहासिक स्मारक हाय."

"नाई बाबू. ते चुकून झालं."

"चुकून कसं? शंभरावर लोकांनी पाह्यलं म्हंते. फोटो हाय." त्यांनी मला माझाच टॉवेलमधला फोटो दाखवला. "स्मारकाच्या बाजूले बांधकाम म्हंजे पुरातत्त्ववाल्याइची ना हरकत पाह्यजे. मी सही केली अन् उद्या कोणी विचारलं तं?"

"पण स्मारक नाईच हाय."

"मंग नसल्याचा दाखला आणा. मी लगेच करून देतो."

मी घरी आलो आणि बिरजूभाऊंना विचारलं की नसलेल्या गोष्टीचा दाखला कोण देतं. ते आनंदानं खुर्चीत सरसावले. त्यांच्या मते हा फार सुंदर प्रश्न होता. नसल्याचा दाखला कोणी देत नाही, पण ती वस्तू दुसरीकडे असल्याचा दाखला मिळाला तर ती इथं नाही हे आपोआप सिद्ध होतं. "पांढरटोल्याच्या ग्रामपंचायतीतून लिहून आणा, का हत्ती बावडी आमच्या इथी हाय. खतम."

मी सायकल काढली. पांढरटोल्याच्या सरपंच सोमारीबाई चण्याच्या शेतात होत्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग मला पंचायतीत नेलं आणि कपाटातून एक रजिस्टर काढलं. बोट फिरवत एका ओळीवर थांबल्या.

"काय झालं बाई?"

"हे पाहा भाऊ. पडीत विहीर. मुरूम टाकून बुजवली. बारा वर्स झाले."

"पण बावडी तं तशीच हाय. मी मंगाशीच पाह्यली."

"हाय तं. मीबी रोज पाह्यतो. पण कागदावर बुजवली हाय." त्यांनी रजिस्टर मिटलं. "तवा माझे भासरे सरपंच होते. मालकाचे मोठे भाऊ. आता मी लिहून देऊ का बावडी हाय, तं मुरूम कुठी गेला म्हून विचारतीन."

मी तसाच परत आलो. सहा किलोमीटर उलटा वारा होता. वाटेत मी हिशेब लावला. जिथं बावडी आहे तिथं ती कागदावर नाही. जिथं नाही तिथं ती नकाशावर आहे. या दोघींच्या मधे माझ्या बायकोचे गुडघे होते. गुणानं विचारलं, "झालं काय काम?" मी म्हणालो, "होऊन राह्यलं." खोटं बोललो, आणि ते तिला कळलं.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी फाटकासमोर एक मिनी बस येऊन थांबली. त्यातून काठ्या उतरल्या, पाण्याच्या बाटल्या उतरल्या, मग कानटोप्या आणि शेवटी माणसं. सतरा जण, सगळे साठीच्या वरचे, करीमनगरकडचे निवृत्त शिक्षक. त्यांचे पुढारी राजमल्लू सर, उंच, पांढरे स्वच्छ कपडे, गळ्यात शिट्टी. त्यांनी हिंदीत विचारलं, "बावडी इधर है?"

मी सांगायला सुरुवात केली. माझ्या घरी बावडी नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग मागे वळून तेलुगूत सगळ्यांना सांगितलं. सतरा चेहरे पडले. एक लहानशा चणीच्या बाई, त्यांच्याच वयाच्या, आमच्या पायरीवर टेकल्या आणि चपला काढून पाय चोळू लागल्या. राजमल्लू सर म्हणाले, "कोई बात नहीं. हम लोग बहुत दूर से आए, लेकिन आपका कोई गलती नहीं."

माझीच चूक होती. ती मी त्यांना सांगितली नव्हती. त्या बाई पाय चोळत होत्या, आणि चाळीस किलोमीटर वाकडी वाट करून आलेल्या सतरा माणसांचा पुढारी मला म्हणत होता की तुमची चूक नाही. चुकीच्या गाडीत बसलेल्या माणसाचं काय करायचं याचा आमच्या खात्यात नियम आहे. त्याला रस्त्यात सोडायचं नाही, योग्य गाडीत बसवून द्यायचं. मी आत गेलो, सदरा घातला, आणि बसच्या पुढच्या पायरीवर चढून म्हणालो, "बैठिये सब लोग. मैं दिखाता हूँ."

गुणानं तेवढ्यात दोन थर्मास भरून दिले. अयूबभाई गंमत बघायला गाडी घेऊन मागे आले. बिरजूभाऊ पुढच्या सीटवर आधीच बसलेले होते, कुठं जायचं ते न विचारता.

पांढरटोल्याला बस पोचली तेव्हा बावडीभोवती बोरी आणि टणटणीचं रान होतं. मला वाटलं, आता ही मंडळी वरूनच बघून परततील. राजमल्लू सरांनी शिट्टी वाजवली. सगळे रांगेत उभे राहिले. ज्यांच्याकडे काठी होती त्यांनी काठीनं फांद्या बाजूला दाबल्या, ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी त्यांचा हात धरला, आणि ती सतरा म्हातारी माणसं एकेक पायरी मोजत, मोठ्यानं, तेलुगूत, खाली उतरू लागली. चाळीस वर्षं मुलांना पाढे म्हणायला लावलेले आवाज होते ते. दगडातून घुमून वर आले. शेतात वेचणीला वाकलेल्या बायका उभ्या राहिल्या. हळूहळू गाव जमलं.

पाय चोळणाऱ्या त्या बाई शेवटच्या कोरड्या पायरीवर बसल्या होत्या. तिथून हाताशी येणारा कमानीवरचा हत्ती त्यांनी पदरानं पुसला. शेवाळ निघालं तशी हत्तीच्या पायाशी त्याचं पिल्लू दिसलं. पांढरटोल्यात जन्मलेल्या कोणालाही ते पिल्लू माहीत नव्हतं. माझ्या मामालाही नसावं, नाहीतर त्यानं भुतांच्या गोष्टीत ते घातलं असतं.

सोमारीबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या पिल्लाकडे बघत होत्या. मग मागे वळून त्यांनी बायकांना हाक दिली, "इळे आणा वो. हे रान काढून टाकू." आणि मला म्हणाल्या, "भाऊ, पंचायतीत चाला. लिहून देतो."

"अन् भासरे?"

"त्याइले विचारतीन तं सांगतीन ते, का मुरूम कुठी गेला. मले काऊन भेव?" चालता चालता त्या म्हणाल्या, "तसंबी बारा वर्सापासून मले तेच विचाराचं होतं."

दाखल्याचा मसुदा बिरजूभाऊंनी केला. त्यांना असा दिवस निवृत्तीनंतर मिळाला नव्हता. 'सदर बावडी मौजा पांढरटोला येथेच अस्तित्वात असून ती बुजलेली नाही, व ती अन्यत्र नाही,' असं वाक्य त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. साक्षीदार म्हणून सतरा सह्या तेलुगूत आहेत.

इकडे राजमल्लू सरांनी सगळ्यांना थर्मासमधला चहा दिला, आणि मग सगळं प्रकरण कळल्यावर वर्ग भरवला. सगळ्यांनी फोन काढायचे, नकाशा उघडायचा, बावडी इथं आहे असं कळवायचं. ज्यांना जमेना त्यांच्या मागे ते स्वतः जाऊन उभे राहत. अयूबभाईंनी फाटकावरचा तोच फ्लेक्स इथं आणून लावायची तयारी दाखवली, फक्त मजकुरातला 'नाही' झाकून. मी नको म्हणालो.

नऊ दिवसांनी नकाशा बदलला. बावडी पांढरटोल्याला गेली, आमच्या फाटकावरचा फ्लेक्सही उतरला. जाताना नकाशानं आमच्या घरावर 'कायमचे बंद' असं लिहिलं, आणि दोन नातेवाइकांनी घाबरून मयुरीला फोन केले. निकेशबाबूंनी दाखला उलटसुलट करून पाहिला. तेलुगू सह्यांपाशी थांबले. "हे काय हाय काका?" मी म्हणालो, "नसल्याचा पुरावा." त्यांनी सही केली. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी रेती पडली, महिन्याभरात खोली उभी राहिली.

नकाशा बदलल्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी मी सकाळी लवकर आंघोळ केली, सदरा घातला आणि ओसरीवर बसलो. गाडी आली नाही. दहा वाजले, अकरा वाजले. गुणा दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. स्वयंपाकघरात कोथिंबिरीच्या सांभारवड्यांचं ताट झाकून ठेवलेलं होतं, वीस-पंचवीस तरी असतील. ते ताट आम्ही दोघं बघत होतो.

"मले दाखवान काय ती बावडी?" शेवटी ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. "तू पाह्यली नाई?"

"कवा पाह्यली? लग्न झाल्यावर दोनदा गेलो तुमच्या मामाच्या घरी. दोन्हीबी बार मयतीले."

अयूबभाईंनी रिक्षा ठरवून दिली. बावडीभोवतीचं रान गेलं होतं, काठावर कोणीतरी झेंडूची रोपं लावली होती. नाशिकचं एक जोडपं फोटो काढत होतं. गुणा कठड्याला धरून तीन पायऱ्या उतरली आणि चौथीवर बसली. हत्तीच्या पिल्लाकडे बघत तिनं गुडघ्यावर हात ठेवला, मला वाटलं दुखतोय.

"छत्तीस वर्स झाले वरोऱ्यात," ती म्हणाली. "रोज शंभर गाड्या पाठोल्या तुम्ही. कोणाले चंद्रपूर, कोणाले गडचिरोली. मले काऊन नाई बसवलं एकाबी गाडीत?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला उत्तर सुचलं असतं. राग आला की माणूस वेळापत्रक सांगतो, रजा मिळत नव्हती सांगतो, मयुरीची शाळा सांगतो. ती तर माहिती विचारत होती, आणि माहितीच्या खिडकीत मी पहिल्यांदाच गप्प बसलो होतो.

"मार्कंडा कसा हाय?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"चांगला असन."

"असन म्हंजे?"

"मीबी नाई पाह्यला."

ती हसली. खूप दिवसांनी अशी हसली. नाशिकच्या जोडप्यानं मागे वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातच्या गाडीत आम्ही बसलो. गुणा खिडकीशी, मांडीवर कालच्या सांभारवड्यांचा डबा. चंद्रपूरला उतरून मूलची गाडी धरली. त्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा निघाला, झिंगू नावाचा, पूर्वी आमच्याच डेपोत होता. तो तिकिटाचं यंत्र घेऊन आमच्यापाशी आला आणि चकित झाला.

"साहेब, तुम्ही? कोणाच्या लग्नाले?"

"नाई."

त्यानं आवाज खाली आणला. "कोणी गेलं काय?"

"नाई रे."

"मंग दवाखाना?" त्यानं गुणाच्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं.

मी काय सांगावं याचा विचार करत होतो. या तिन्हींशिवाय चौथ्या कामासाठी मी आयुष्यात कधी गाडीत बसलो नव्हतो, आणि त्या कामाला काय म्हणतात ते मला पटकन आठवेना.

"मार्कंड्याले चाललो," गुणा खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली. शहर मागे पडलं होतं आणि दोन्ही बाजूंनी सागाचं रान सुरू झालं होतं. "पाहाले."

"काय पाहाले, काकू?"

"ते मले काय माहीत," गुणा म्हणाली. "पाहून आल्यावर सांगतो तुले."